हात धुतले आणि पाणी पिवळं झालं!

काय दोस्तांनो, प्रयोगवहीत नवं पान उघडलंत ना? आज आपल्याला लागणार आहेत चार काचेचे पेले, पानठेल्यावरचा थोडासा चुना आणि आंब्याची एक डहाळी. पण त्याआधी एक गोष्ट. गोष्ट माझ्याच घरची आहे, बरं का.

गेल्या पावसाळ्यात मी बहिणीकडे अनसिंगला गेलो होतो. वाशिमला रेल्वेतून उतरलो आणि पुसदकडे जाणारी एस.टी. धरली. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि मध्येच हळदीची हिरवीगार शेतं. घरी पोहोचलो तर माझा दहा वर्षांचा भाचा बाजेवर निजलेला. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळाधमक. दोन दिवस अन्नावर वासना नव्हती.

"दवाखान्यात नेलं का?" मी विचारलं.

बहिणीच्या सासूबाई, म्हणजे मुलांची आजी, हसून म्हणाल्या, "कायले नेतो दवाखान्यात, मामा? आजच सकायी कावीय उतरवून आणली. तुम्ही पाह्यलं अस्तं तं चाट पडले अस्ते! चुन्याच्या पाण्यात पोराचे हात धुतले, अन् पाणी हयदीवानी पिवयं झालं. सारी कावीय पाण्यात उतरली."

बहीण काहीच बोलली नाही. मी कोपऱ्यात पाहिलं. तिथं तिची जाऊ भाजी निवडत बसली होती. तिला सातवा महिना होता. घरातलं पिण्याचं पाणी सगळ्यांना एकाच माठातलं. माझ्या मनात एकदम पाल चुकचुकली. का, ते पुढे सांगतो.

तेवढ्यात सातवीतली भाची माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "मामा, मले एक सांगा. माह्ये हात त्या पाण्यात धुतले अस्ते तं?"

शाब्बास! दोस्तांनो, विज्ञानाची सुरुवात अशीच होते. 'हे कसं झालं' हा प्रश्न तर चांगलाच. पण 'तसं केलं नसतं तर काय झालं असतं' हा प्रश्न त्याहून चांगला.

मी तिला विचारलं, "हात धुण्याआधी त्यांनी काही केलं होतं का? नीट आठव."

ती डोळे मिटून आठवू लागली. "हो! त्याच्या तळहाताले कायतरी रस चोळला होता. औषध हाय म्हणे. आंब्याच्या सालीचा वास येत होता."

झालं! धागा हाती लागला.

आपला प्रयोग

त्या संध्याकाळी आम्ही ओसरीवर प्रयोगशाळा मांडली. तुम्हीही मांडा, पण घरातलं मोठं माणूस जवळ हवंच. चुना डोळ्यात गेला तर मोठी इजा होते. चुन्याच्या पाण्यात बोटं बुडवायची नाहीत, चव घ्यायची नाही. एखादा थेंब उडालाच तर भरपूर साध्या पाण्यानं धुवायचं. डोळ्यात उडाला तर धूत धूतच डॉक्टरांकडे जायचं.

साहित्य: हरभऱ्याएवढा खायचा चुना, चार काचेचे पेले, छाटलेल्या आंब्याच्या डहाळीची साल, लिंबू, चमचे. (झाडाची साल सोलू नका, झाड दुखावतं. शिवाय ताज्या चिकानं अंगावर उततं.)

कृती: पेलाभर पाण्यात चुना ढवळा आणि दोन-तीन तास हलवू नका. चुना तळाशी बसतो. वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओता. ही झाली चुन्याची निवळी. सालीचे तुकडे ठेचून थोड्या पाण्यात भिजवा आणि गाळून घ्या. हे झालं सालीचं पाणी. आता पेल्यांवर नंबर घाला.

पेला १: साधं पाणी आणि सालीचं पाणी.
पेला २: नुसती निवळी.
पेला ३: निवळी आणि सालीचं पाणी.
पेला ४: तिसऱ्यासारखंच मिश्रण, पण नंतर त्यात लिंबू पिळायचं.

पहिल्या पेल्यात पाणी फिकट दिसलं. दुसरा नितळच राहिला. तिसऱ्यात चमचाभर सालीचं पाणी पडलं मात्र, आणि पेला पिवळाधमक! चौथाही आधी पिवळा झाला, पण लिंबाचा रस पडताच त्याचा रंग फिका पडला.

आता सांगा, या चारांपैकी कुठल्या पेल्यात कावीळ झालेल्या माणसाचे हात होते? एकातही नाही! तरीसुद्धा पिवळा रंग आला.

असं का झालं?

आंब्याच्या सालीत मँगिफेरिन नावाचं पिवळसर रसायन असतं. शिवाय तुरट चवीची इतरही द्रव्यं असतात. चुन्याची निवळी हा जोरदार अल्कधर्मी द्रव आहे. अल्कधर्मी द्रवात गेलं की या रसायनांच्या रेणूंमधले काही हायड्रोजन सुटतात. रेणूची रचना जराशी बदलते, त्याबरोबर प्रकाश शोषण्याची त्याची पद्धत बदलते आणि आपल्या डोळ्यांना गडद पिवळा रंग दिसतो. लिंबाच्या आम्लानं चुन्याचा जोर मोडला की रंगही ओसरतो.

रंग बदलून आम्ल की अल्क ते सांगणाऱ्या पदार्थाला दर्शक म्हणतात. इंग्लंडमधल्या रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानं १६६४ साली रंगांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात फुलांच्या रसाचे असे रंगबदल त्यानं नोंदवले होते. तुमच्या स्वयंपाकघरातही एक नामी दर्शक आहे, ती म्हणजे हळद. हळदीच्या पाण्यात टीपकागद बुडवून सावलीत वाळवा. त्यावर चमच्यानं निवळीचा एक थेंब टाका, लालभडक! लिंबाचा थेंब टाका, पुन्हा पिवळा! शर्टावर वरणाचा डाग पडला आणि आईनं साबण लावला की तो लाल होतो ना? तेच हे. हळद आणि चुना एकत्र करून कुंकू करण्याची जुनी रीतही याच रंगबदलावर उभी आहे.

आणि खरी कावीळ?

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. जुन्या पेशी मोडल्या की त्यांतून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते रक्तातून उचलतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं. यकृताला सूज आली की हे काम रेंगाळतं. मग पिवळं द्रव्य रक्तात साठतं आणि डोळ्यांत, लघवीत, कातडीत दिसू लागतं. तळहात धुवून ते बाहेर काढता येत नाही. किती साठलंय ते रक्त तपासूनच कळतं.

मग लोकांना गुण कसा येतो? आपल्याकडे दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा 'ए' किंवा 'ई' प्रकारच्या विषाणूमुळे होते. ती बऱ्याच जणांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ! श्रेय मात्र कावळ्याला मिळतं.

पण प्रत्येक वेळी फांदी सोयीनंच तुटेल असं नाही. १९५५-५६ मध्ये दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्यात गरोदर स्त्रियांचे फार हाल झाले, कित्येक दगावल्या. त्या वेळी कारण नीट उलगडलं नव्हतं. मात्र रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. ते पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर तपासले. १९८० साली त्यांनी दाखवून दिलं की हा तोवर माहीत असलेल्या 'ए' किंवा 'बी' विषाणूंचा प्रताप नाही, कोणी तिसराच आहे. पुढे त्याला 'ई' हे नाव मिळालं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ जिवावर बेतू शकते.

आता कळलं ना, बहिणीच्या जावेकडे पाहून माझ्या मनात पाल का चुकचुकली ते?

ओसरीवर पुन्हा

आजी पाटावर बसून आमचे चारही पेले बारकाईनं पाहत होत्या. मी काहीच बोललो नाही. भाचीनं मात्र पाचवा पेला आणला, निवळी भरली आणि सालीच्या पाण्याचा चमचा आजींच्याच हाती दिला. "आजी, तू टाक."

आजींनी चमचा ओतला. पाणी पिवळं झालं.

"मले तं कावीय नाही," आजी हळूच म्हणाल्या. बराच वेळ त्या पेल्याकडे पाहत राहिल्या. मग एकदम उठल्या. "म्हंजे पोराची कावीय अजून आंगातच हाय म्हणा की! उद्या सकायीच दवाखान्यात चला."

दोस्तांनो, त्या दिवसाचा सगळ्यात मोठा शोध आजींनी लावला. माझ्या भाषणानं जे झालं नसतं ते एका चमच्यानं केलं.

दुसऱ्या दिवशी रक्ताची तपासणी झाली. यकृताला सूज होती. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, साधं जेवण सांगितलं आणि मनानं कुठलंही औषध, काढा घ्यायचा नाही अशी ताकीद दिली. जावेचीही तपासणी झाली, ती सुखरूप होती. घरात पाणी खळखळ उकळून प्यायला सुरुवात झाली. दाजींनी नळाची पाइप कुठून येते ते पाहिलं, तर ती घरामागच्या नालीतूनच आलेली, आणि सांध्यापाशी झिरपणारी! त्यांनी ती त्याच आठवड्यात बदलून घेतली. महिनाभरानं भाचा पुन्हा शाळेत जाऊ लागला. दिवाळीच्या आधी घरात बाळही आलं.

आजींना कुणी हसलं नाही. का हसावं? त्यांनी नातवाच्या काळजीनंच धावपळ केली होती. आणि हात धुऊन देणाऱ्या त्या माणसाबद्दल म्हणाल, तर त्यानं एक नारळ तेवढा घेतला होता. वडिलांनी शिकवलं तेच तोही करत असेल. चूक पाहण्यात होती. सगळ्यांनी पिवळं पाणी पाहिलं, पण दुसरे हात कुणी धुऊन पाहिले नाहीत.

असे 'चमत्कार' उघडे करून दाखवणारी मंडळी आपल्या महाराष्ट्रात आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. तिचे कार्यकर्ते शाळाशाळांत जाऊन हळद-चुन्यासारखे प्रयोग करतात आणि त्यामागचं कारणही सांगतात. तुमच्या शाळेत आले तर पुढच्या बाकावर बसा!

रंग फसवतोही, बरं का

आता तुम्ही म्हणाल, कुठेही रंग बदलला की आम्ल आणि अल्क! थांबा. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर तुम्हाला ठाऊक असेल. उल्का आदळून झालेल्या विवरातलं हे खारं आणि अल्कधर्मी पाणी. आपला हळदीचा कागद तिथं लाल होईल. जून २०२० मध्ये ते अख्खं सरोवर गुलाबी झालं. कुणी काय, कुणी काय तर्क लढवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं तेव्हा कळलं, खारटपणा वाढल्यावर हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले होते आणि गुलाबी रंग त्यांचा होता. म्हणजे नुसता रंग पाहून निकाल द्यायचा नाही. तपासायचं, तुलना करायची, मगच बोलायचं.

या आठवड्याचं कोडं

उरलेल्या निवळीतली थोडी बशीत ओतून रात्रभर उघडी ठेवा. लहान भावंडांचा आणि मांजराचा हात पोहोचणार नाही अशा जागी, हं! सकाळी तिच्यावर दुधाच्या सायीसारखी पांढरी पापडी दिसेल. ती कुठून आली? बशीत तर आपण काहीच टाकलं नाही! उरलेली निवळी झाकणाच्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बंद करा आणि दोन्हींची तुलना करा. एक खूण देतो. जे तुम्ही या क्षणी नाकातून बाहेर सोडताय, त्याचा यात हात आहे.

उत्तर वहीत लिहा, आईबाबांना वाचून दाखवा. आणि कुणी 'चमत्कार पाहा' म्हणालं, तर आमच्या भाचीचा प्रश्न विसरू नका: "माह्ये हात धुतले अस्ते तं?"

भेटू पुढच्या आठवड्यात!