कॅप्टन दमलाय म्हणे!

आमचे साडू एरवी अत्यंत सोशिक गृहस्थ. सरकारी खात्यात एका धरणाच्या कामावर ते चिकटले आणि तेहेतीस वर्षांनी त्याच धरणाच्या कामावरून निवृत्त झाले. धरण अजून व्हायचंच आहे. त्याबद्दल त्यांच्या तोंडून कधी अवाक्षर निघालं नाही. पण हेच साडू चिकलठाण्याच्या विमानतळावर पाऊल टाकतात आणि त्यांच्या अंगात घड्याळ संचारतं.

मागे एका लग्नासाठी आम्ही दोघं मुंबईला निघालो होतो. रात्रीचं विमान, तेही दोन तास उशिरा आलेलं. मंडळी बॅगा सरसावून उभी, एवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, की वैमानिकांचे ड्यूटीचे तास संपले आहेत; दुसरे वैमानिक मुंबईहून येईपर्यंत थांबावं लागेल.

"कॅप्टन दमलाय म्हणे!" साडू गरजले. "अहो, बसूनच तर असतो तो! दमायला काय झालं?"

बसून नोकरी करण्याच्या बाबतीत साडूंचा अधिकार मी मानतो. पण पाच मिनिटांत त्यांच्यामागे चाळीस माणसं जमली आणि ती पोर बिचारी रडकुंडीला आली. एकजण म्हणाला, त्याच वैमानिकाला आणा, आम्ही समजावतो. दुसऱ्यानं त्याला चहा पाजायची तयारी दाखवली. आता दमलेला माणूस चहानं ताजातवाना होत असता, तर आमच्या बँकेत दुपारी तीननंतर एकही चूक झाली नसती.

मी बँकेत कॅशला बसतो. पेन्शनच्या दिवशी काउंटरवर रांग लागते आणि मी नोटा दुसऱ्यांदा मोजायला घेतल्या, की रांगेतून आवाज येतो, "घरच्या नोटा मोजताय का?" एकदा त्या आवाजाला मी बळी पडलो. दुसऱ्यांदा मोजलंच नाही. संध्याकाळी कॅश दहा हजारांनी कमी आली आणि ते मी माझ्या खिशातून भरले. ज्यांच्या घाईपायी ते गेले, ती मंडळी तोवर घरी जाऊन जेवून झोपली होती. सुरक्षेचे सगळे नियम असेच असतात. तिजोरीला दोन किल्ल्या, त्याही दोन वेगळ्या माणसांकडे. दिसायला शुद्ध वेळेचा अपव्यय. फक्त आमच्याकडे चूक झाली तर पैसे जातात, एवढाच काय तो फरक.

तो फरक निदान या गावच्या माणसाला तरी सांगावा लागू नये. २६ एप्रिल १९९३ ला मी शाळेत होतो. याच धावपट्टीवरून भर दुपारी इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईकडे निघालं. आत ११८ माणसं. धावपट्टीच्या टोकापलीकडे बीडचा रस्ता, आणि रस्त्यावरून चाललेला कापसाच्या गाठींचा ट्रक. विमान त्या ट्रकला घासलं, पुढे विजेच्या तारांना लागलं आणि शेतात कोसळलं. ५५ जण गेले. चौकशीत दोन्हीकडे बोट दाखवलं गेलं : वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, आणि विमानांच्या वेळात त्या रस्त्यावरची रहदारी आवरण्याचं काम विमानतळाच्या यंत्रणेनं केलं नाही. म्हणजे दोन मिनिटं गाड्या थांबवायच्या, एवढंच काम. आता आपल्या माणसाला रस्त्यात दोन मिनिटं थांबवून बघा! रेल्वेचं फाटक पडलं तरी स्कूटर आडवी करून खालून काढणारी जात आपली.

हे मी साडूंना हळू आवाजात सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "ते खरं, पण लग्न सकाळी नवाचं आहे."

मग मी तेनेरीफ काढलं. २७ मार्च १९७७. स्पेनच्या त्या बेटावर धुकं उतरलेलं, विमानतळ विमानांनी खचाखच भरलेला. डच विमानाचा कॅप्टन इतका मानाचा, की कंपनीच्या जाहिरातीत त्याचाच फोटो. पण ड्यूटीचे तास संपत आलेले. ते संपले तर सगळ्यांचा मुक्काम तिथेच. टॉवरची उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना त्यानं विमान सोडलं. समोरचं विमान अजून धावपट्टीवर असेल का, अशी शंका मागे बसलेल्या इंजिनिअरनं काढलीसुद्धा. साहेबांनी ती उडवून लावली. दोन जंबो एकमेकांवर आदळले. ५८३ माणसं.

"बघा!" साडूंना स्फुरण चढलं. "म्हणजे तासांच्या नियमानंच घात केला!"

वकिली डोकं! पण नियम सांगत होता, तास संपले की झोपा. झोपायला लागू नये म्हणूनच तो धावला. आमच्या विमानाचा वैमानिक मात्र उठून चक्क विश्रांतीला गेला होता. मोठमोठ्यांना न जमलेलं काम त्यानं केलं, आणि चाळीस माणसं त्याच्या नावानं शंख करत होती. २०२० साली कोळिकोडला पावसात विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, २१ जण दगावले. सहवैमानिक 'वर घ्या' म्हणत होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी तिथेच पोहोचायची कॅप्टनची ओढ चौकशी अहवालानं नमूद केली आहे. ते उड्डाण वेळेवर सुटावं, अशी अपेक्षा कुणाची होती? तुमचीआमचीच.

२०२५ च्या डिसेंबरात तर मौजच झाली. वैमानिकाला आठवड्यात ३६ ऐवजी ४८ तास सलग विश्रांती, रात्रीची उतरणी कमी, असे नवे नियम आले. वर्षाहून अधिक काळ आधी जाहीर झालेले. तरी देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीकडे पुरेसे वैमानिक निघाले नाहीत. हजारो उड्डाणं रद्द, विमानतळांवर बॅगांचे डोंगर, माणसांचे हंबरडे. मग ढिलं कोण पडलं? नियम! कंपनीला तात्पुरती सवलत मिळाली. परीक्षेला अभ्यास न करणाऱ्या मुलाला पेपरच सोपा करून द्यावा, तसं. आणि आपण टाळ्या वाजवल्या, कारण आपलं विमान सुटलं.

असो. अडीच तासांनी नवे वैमानिक आले. मुंबईत चाकं जमिनीला टेकताक्षणी, विमान धावत असतानाच साडू उठून बॅग काढू लागले. हवाईसुंदरीनं त्यांना दोनदा खाली बसवलं. बाहेर टॅक्सी मिळाली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. पहिल्याच वळणावर टॅक्सीवाल्यानं भलीमोठी जांभई दिली.

साडूंनी पुढच्या सीटला घट्ट धरलं. "अहो दादा, थांबवा! गाडी बाजूला घ्या आधी. तुम्ही चहा प्या, तोंडावर पाणी मारा, हवं तर अर्धा तास पडा. आम्हाला मुळीच घाई नाही!"