ओत्रांतोत फक्त पोहायला जाऊ नये

महाराष्ट्रातून इटलीला निघालेल्या बहुतेक सहली रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करून परततात. बुटाच्या टाचेवर, पुलिया प्रांतातल्या ओत्रांतोपर्यंत फार थोडे पोहोचतात. समोर अल्बानिया, मध्ये जेमतेम सत्तर-बहात्तर किलोमीटरची सामुद्रधुनी. उन्हाळ्यात इथे गर्दी होते ती निळ्याशार पाण्यासाठी. पाणी सुंदर आहेच, पण तेवढ्यावर समाधान मानून परतणाऱ्याला हे गाव कळलेलंच नसतं.

सुरुवात कॅथेड्रलपासून करावी, आणि आत शिरल्यावर नजर खाली ठेवावी. पांतालेओने नावाच्या धर्मगुरूनं ११६३ ते ११६५ या काळात इथली अख्खी जमीन रंगीत दगडी तुकड्यांनी मढवली. मधोमध एक प्रचंड वृक्ष. त्याच्या फांद्यांभोवती नोहाची नौका, बाबेलचा मनोरा, बारा महिन्यांची शेतीची कामं. त्यातच राजा आर्थर आणि सिकंदरही. हा सगळा पसारा पेलणाऱ्या खोडाच्या तळाशी कोण, तर चक्क दोन हत्ती! पूर्वेच्या वाटेवरच्या बंदराला ही सरमिसळ शोभून दिसते. घाईघाईनं फोटो काढून पुढे सरकण्याची ही जागा नव्हे.

त्याच छपराखाली काचेच्या उंच कपाटांत माणसांच्या कवट्या आणि हाडं रचून ठेवली आहेत. १४८० मध्ये गेदिक अहमद पाशाच्या ऑटोमन फौजेनं दोन आठवड्यांच्या वेढ्यानंतर गाव घेतलं. १४ ऑगस्टला मिनर्वा टेकडीवर सुमारे ८०० जणांचा शिरच्छेद झाला. धर्म बदलायला नकार दिल्यामुळे ते मारले गेले, असं चर्च सांगतं. कारणाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिलं.

या मृतांपुढे प्रवासी आपोआप थांबतो. बंदरावरच्या दुसऱ्या स्मारकापुढेही त्यानं तितकंच थांबायला हवं.

२८ मार्च १९९७. अल्बानियात अराजक माजलं होतं. व्लोराहून शंभराहून जास्त माणसं घेऊन निघालेली ‘कातेर इ रादेस’ ही बोट याच सामुद्रधुनीत इटलीच्या नौदलाच्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. ऐंशीच्या वर माणसं गेली, त्यांत बायका-मुलंच अधिक. पुढे तिचा सांगाडा समुद्रातून वर काढला गेला आणि ग्रीक शिल्पकार कोस्तास वारोत्सोस यांनी त्याला काचेची जोड देऊन २०१२ मध्ये बंदरावर स्मारक उभं केलं. गंजलेलं लोखंड, त्यावर लाटेसारखी चढलेली हिरवट काच.

त्याच पाण्यातून १४८० मध्ये हल्लेखोर आले आणि १९९७ मध्ये आसरा मागणारे. पहिली कहाणी ऐकवून दुसरी गाळणारा वाटाड्या प्रवाशांना अर्धंच ओत्रांतो दाखवतो. पुलियाची सहल आखणाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या वेळातला एक तास काढून या बोटीसाठी ठेवावा, आणि ती कुठून, का निघाली होती हेही नीट सांगावं.