उपाशी पोटी धावणारी मुलं

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की जिल्ह्याच्या गावातली मैदानं पहाटेच भरतात. पुरुष उमेदवाराला १६०० मीटर आणि १०० मीटर धावणं व गोळाफेक अशी मैदानी चाचणी द्यावी लागते. खेड्यातली मुलं चौघांत एक खोली घेतात, सकाळ-संध्याकाळ धावतात, दुपारी अभ्यासिकेत बसतात. पोटात काय? चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव, परवडला तर एक वेळचा डबा. गाल आत जातात आणि सगळे म्हणतात, पोरगं मेहनत घेतंय!

शरीराचा हिशोब वेगळा असतो. व्यायामात गेलेली ऊर्जा वजा करून जी उरते, तिच्यावर हृदय, मेंदू, हाडं, रक्त, संप्रेरकं चालवायची असतात. ती सतत कमी पडली की शरीर काटकसर करतं. हाडांची बांधणी, प्रतिकारशक्ती आणि प्रजननसंस्था यांच्या वाट्याला कपात येते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं आणि ती पुरुषांतही आढळते हे मान्य केलं. तोवर चर्चा मुख्यतः महिला खेळाडूंचीच होत असे. बाईची पाळी थांबली की निदान शंका तरी येते. पुरुषाच्या बाबतीत तेवढंही होत नाही.

खूण नसते असं नाही. लैंगिक इच्छा ओसरणं, पहाटेची ताठरता बंद होणं हे टेस्टोस्टेरॉन घटल्याचं लक्षण असू शकतं. पण मर्दपणाच्या आपल्या कल्पना अशा, की १९ वर्षांचा मुलगा हे वस्तादाला सांगणार नाही, घरी तर नाहीच. नडगी दुखते, एवढंच सांगतो. तेल चोळून, पट्टी बांधून पुन्हा धावतो आणि एक दिवस हाडाला बारीक तडा जातो. भरती संपते. वारंवार सर्दी-ताप, झोप न लागणं, चिडचिड, सराव वाढवूनही वेळ न सुधारणं, असं एकत्र दिसलं तर आधी त्याच्या ताटाकडे पाहावं. वजन घटलेलं नाही म्हणून निश्चिंत राहू नये. शरीर इतर खर्च आवळूनही वजन टिकवतं.

कुस्तीत तर उपासाचं कौतुकच होतं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमन सहरावतने उपांत्य लढतीनंतर दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवून कांस्यपदक जिंकलं, ती कथा आपण चवीने वाचली. ते बहुतांशी पाणी होतं, आणि शेजारी प्रशिक्षक होते. तालमीतला पोरगा हेच महिनोन् महिने, एकटा, पोट मारून करतो.

रमजानमध्ये सराव करणाऱ्यांसाठी खरा प्रश्न आहे तो इफ्तार ते सहरी या वेळात दिवसभराचं अन्न-पाणी पोटात जातं का, हा. जड सराव इफ्तारनंतर ठेवता येतो. घाई करून सहरी टाळणं मात्र महागात पडतं.

उपाय महागडे नाहीत. धावण्याआधी केळं किंवा खजूर, धावून आल्यावर लगेच भाकरी-डाळ, अंडं, दूध, खिशात शेंगदाणे-गूळ. प्रोटीन पावडरच्या डब्यापेक्षा हे स्वस्त पडतं. तरीही ज्याच्याकडे तेवढेही पैसे नाहीत त्याला आहाराचं व्याख्यान देणं ही थट्टाच आहे. हजारोंनी फी घेणाऱ्या भरती अकादम्यांनी त्यात दोन वेळचं जेवण धरावं. आणि हाडाला तडा गेलेला मुलगा आला, की प्लास्टर घालण्याबरोबर डॉक्टरांनी त्याला विचारावं: आज काय खाल्लंस, काल काय खाल्लं होतंस?