धवलारिणीचा वारस

रोडपालीत दोन गावे एकमेकांना खेटून नांदतात. एक मूळ आगरी गाव. दुसरे, कळंबोली वसाहतीचा भाग म्हणून उभ्या राहिलेल्या इमारतींचे. सातारा-सांगली, कोकण, खानदेश अशा नाना ठिकाणांहून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे या इमारतींत राहतात. अशा घरातील मुलगा कानाला यंत्र लावून यमकामागून यमक पुटपुटू लागला, की वडीलधारी मंडळी चिंतेत पडतात. हे पाश्चात्त्य खूळ घरात शिरले कोठून?

चिंता रास्त आहे. पण या खुळाचा जन्म कसा झाला, हेही पाहिले पाहिजे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, जमैकाहून आलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेल या तरुणाने बहिणीच्या समारंभात तबकड्या वाजवल्या. हिप हॉपचा आरंभ तेथून मोजतात. त्यापूर्वी याच भागातून महामार्ग काढताना वस्त्याच्या वस्त्या उठवल्या गेल्या होत्या. विकासासाठी जमीन देणे म्हणजे काय, हे पनवेल-उरणकरांना वेगळे सांगायला नको. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले.

महाराष्ट्रात या कलेची स्वतंत्र वाट चोखाळणाऱ्यांत अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरचे नाव ठळक आहे. ‘१०० आरबीएच’ हे त्याने घेतलेले नाव. शंभराचा ‘सौ’ आणि पुढे ‘रभ’; नावातच शब्दखेळाची खोड! मुंबईच्या ‘स्वदेसी’ या स्वतंत्र चमूतून तो पुढे आला आणि २०२३ साली ‘हसल’ या दूरचित्रवाणी स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वातून घराघरांत पोहोचला. मराठी त्याने सोडली नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा हा जिल्हा. खंजिरीच्या ठेक्यावर चार खडे बोल ऐकण्याची तेथल्या कानांना जुनी सवय आहे.

‘स्वदेसी’चे वैशिष्ट्य त्यांच्या मिश्रणात आहे. अकलेश सुतार मराठी-हिंदीत, तर धर्मेश परमार गुजरातीत रॅप करी. हा गुणी तरुण मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. २०१९ साली आरे जंगलाच्या प्रश्नावर या चमूने केलेल्या ‘वारली रिवोल्ट’मध्ये तेथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. पाश्चात्त्य यंत्रनाद आणि वारली सूर तेथे एकत्र नांदतात. या मंडळींची राजकीय मते अनेकांना पटणार नाहीत. परंतु आपल्या गाण्यात पाड्यावरच्या माणसाला मानाने बोलावणारा कलावंत मुळांपासून तुटला, असे कसे म्हणावे?

स्वातंत्र्याचे लाभ उघड आहेत. भाषा सौम्य कर, हिंदीत लिही, असे सांगणारा मालक डोक्यावर नसतो. तसाच ‘आता थांब’ म्हणणाराही कोणी नसतो. म्हणूनच या क्षेत्रात शिव्यांचा आणि नशेच्या फुशारकीचा सुकाळ झाला. शिव्यांचा भडिमार हा बहुतेक वेळा शब्द संपल्याचा पुरावा असतो.

मग रोडपालीच्या मुलाने शब्द आणावेत कोठून? आगरी लग्नात धवले गाणारी धवलारीण विधीगणिक गाणे म्हणते, ना पोथी ना कागद. देवदेवता, कुळ, मांडव, नवरा-नवरी, सारे तिच्या स्मरणातून लयीत उतरत जाते. मुंबईच्या गल्लीतून निघालेल्या रॅपचे कौतुक २०१९ च्या ‘गल्ली बॉय’ चित्रपटाने देशभर झाले. धवलारिणीच्या वाट्याला तसे कौतुक कधी आले? हळदीला आता ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात आणि तिचा आवाज त्यांत बुडतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा देण्याचा निर्णय झाला, पेढे वाटले गेले. आगरी बोली मात्र नव्या इमारतींच्या उद्वाहनात शिरतानाही संकोचते. शाळेत तिला ‘अशुद्ध’ ठरवणारे आपणच.

ब्रॉन्क्सचा ठेका ज्याला चालतो, त्याला शेजारच्या गावातला ठेका परका वाटण्याचे कारण नाही. साताऱ्याहून आलेल्या मुलालाही नाही. त्याच्या हातातल्या भ्रमणध्वनीत ध्वनिमुद्रणाची सोय आहेच. धवले पाठ असलेली एखादी आजी रोडपालीच्या मूळ गावात, इमारतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, अजून भेटू शकेल. तिचे वय मात्र झाले आहे, आणि तिच्या नाती धवले शिकलेल्या नाहीत.