खांबाबाहेरचा पॉइंट

टेबल-टेनिसमध्ये चेंडू जाळीवरूनच गेला पाहिजे, ही अफवा ज्या कुणी उठवली त्या गृहस्थाला मला एकदा गाठायचे आहे. नियमात तसे मुळीच नाही! आपल्या बाजूला एक टप्पा पडू द्यावा, मग चेंडू असा मारावा की तो पलीकडच्या अर्ध्यात पडेल. बस्स. जाळीचा खांब टेबलाच्या कडेपासून 15.25 सेंटिमीटर बाहेर असतो. त्याच्याही बाहेरून वळसा घालून, जाळीच्या उंचीखालून चेंडू गेला तरी तो कायदेशीर.

हे आमच्या बँकेच्या रिक्रिएशन क्लबात बोलून बघा! "मग जाळी काय शोभेला लावलीय?" असे विचारून अकाउंटंटसाहेब पॉइंट आपल्या खात्यात जमा करतात. बॅट धरलेला पंजा मनगटापर्यंत बॅटच समजतात. बोटाला लागून गेलेला चेंडूही चालतो. टेबलाच्या वरच्या कडेला लागला तर चांगला, खाली उभ्या बाजूला लागला तर बाद. आमच्याकडे मात्र कड कुठली, हे मारणाऱ्याच्या ग्रेडवर ठरते. जाळीला घासलेली सर्व्हिस पुन्हा करायची, रॅलीत घासला तर खेळ चालू. साहेबांचा घासला की चालू, माझा घासला की "लेट"!

आणि हेच साहेब सहीतला एक 'र' थरथरला म्हणून पेन्शनरला काउंटरवरून परत पाठवतात हो! तिथे नियम म्हणजे नियम.

मी नियमांचा कागद नोटीस बोर्डावर लावला. तिसऱ्या दिवशी त्यावर फेस्टिव्हल ॲडव्हान्सचे सर्क्युलर डकवलेले होते.