झीलकरी कोठे गेले? : मोबाइलवरील चित्रीकरणातील तीन आकड्यांविषयी

मराठीच्या विभागांत 'ही तांत्रिक बाब आहे' असे एकदा म्हटले की त्या विषयावर पडदा पडतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातील रेझोल्यूशन, फ्रेम रेट आणि आस्पेक्ट रेशो या तीन गोष्टींचे असेच झाले आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासासाठी विद्यार्थी आज वहीऐवजी मोबाइल घेऊन बाहेर पडतात. कीर्तन, पोवाडा, गोंधळ, जात्यावरच्या ओव्या टिपून आणतात. प्रकल्पाला गुण मिळतात आणि फाइल विभागाच्या संगणकात जाऊन पडते. ती कोणत्या आकड्यांवर चित्रित झाली, हे विचारण्याची पद्धत नाही. आमचे म्हणणे असे की हे तीन आकडे पाठनिश्चितीचा भाग आहेत. त्यांविषयी उदासीन राहणारा साहित्याचा अभ्यासक आपल्याच शास्त्राच्या शिस्तीशी प्रतारणा करतो.

प्रथम आस्पेक्ट रेशो, म्हणजे चौकटीच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण. मोबाइल आडवा धरला की ते साधारणतः १६:९ असते, उभा धरला की ९:१६. आता पोवाड्याचा विचार करा. शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात. त्याने टाकलेली ओळ झेलून, सूर धरून ते ती पुढे नेतात. वारकरी कीर्तनात कीर्तनकाराच्या मागे टाळकऱ्यांची रांग आणि मृदंगवादक असतो. अभंगाचे चरण त्यांच्या कंठांतून परत येते. जात्यावर अनेकदा दोघी समोरासमोर बसतात आणि ओवी एका खुंट्यावर ठेवलेल्या चार हातांच्या लयीत चालते. हे सारे समूहाचे प्रकार आहेत. १६:९ च्या चौकटीतून तेवढ्याच उंचीची ९:१६ ची चौकट कापली तर मूळ रुंदीचा तिसरा हिस्साही उरत नाही. सुमारे ६८ टक्के चित्र बाहेर जाते. बाहेर जातात ते झीलकरी, टाळकरी आणि जात्यापलीकडची दुसरी बाई. उरतो एकटा नायक. पंचवीस वर्षांनी एखादा विद्यार्थी ही फाइल पाहून 'पोवाडा हा एकपात्री प्रयोग होता' असे लिहील, तेव्हा दोष कोणाचा?

उभी चौकट हीन आहे असे आम्ही म्हणत नाही. तिच्यावर अभिरुचिहीनतेचा शिक्का मारणाऱ्यांशी आमचे जमत नाही. एकट्या कवीचे वाचन किंवा उंबऱ्यावर बसलेल्या वृद्धेने सांगितलेली कहाणी उभ्या चौकटीत शोभूनच दिसेल. कोणतीही चौकट निसर्गदत्त नसते. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सनने ३५ मिलिमीटरच्या फितीवर चार छिद्रांच्या उंचीचे चित्र ठरवले, त्यातून ४:३ हे प्रमाण रूढ झाले. दूरचित्रवाणीच्या स्पर्धेने हैराण झालेल्या हॉलिवुडने १९५३ साली 'द रोब' या चित्रपटापासून सिनेमास्कोपचा रुंद पडदा आणला. गुरुदत्त यांनी 'कागज के फूल'मध्ये (१९५९) त्याच रुंदीतून माणसाचे एकाकीपण दाखवले. चौकट आशयाशी ताडून पाहावी लागते, एवढेच यातून शिकायचे. हात जसा पडला तसे चित्र आले, याला निवड म्हणत नाहीत.

चौकट मोडली की काय होते, याचा पुरावा आपल्या घरातच आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) जवळजवळ चौरसाकडे झुकणाऱ्या चौकटीत चित्रित झाला. असा चित्रपट आजच्या रुंद पडद्यावर ताणून दाखवला की विष्णुपंत पागनीसांचा चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. ताणण्याऐवजी वरखाली कापला तर चौथा हिस्सा चित्र नाहीसे होते. गाथेतील एका अभंगाचा एक चरण कोणी गाळला तर आपण लेख लिहू. येथे मात्र कोणाची झोप उडत नाही.

दुसरा आकडा रेझोल्यूशनचा. 'फोर-के' हा शब्द हल्ली मंत्रासारखा उच्चारला जातो. लघुपटस्पर्धांच्या नियमपत्रिकांतही तो दिसू लागला आहे. त्याचा अर्थ एवढाच की चित्र ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपक्यांचे बनलेले आहे. १०८०पी या पद्धतीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. चौपट ठिपके म्हणजे चौपट स्पष्टता, असा भाबडा हिशेब यातून मांडला जातो. मोबाइलमधील प्रकाश टिपणारा संवेदक नखाएवढा असतो. अंधारात त्याला प्रकाशच पुरत नाही आणि चित्रावर दाणे उमटतात. शिवाय फाइल आटोपशीर ठेवण्यासाठी मोबाइल चित्रातील तपशिलांची काटछाट करतो, ती वेगळीच. अक्षरे मोठी छापली म्हणून कविता मोठी होत नाही, हे साहित्याच्या माणसाला तरी सांगावे लागू नये.

तिसरा आकडा फ्रेम रेट : एका सेकंदात किती स्थिर चित्रे घेतली ती संख्या. येथेही 'जास्त तितके चांगले' हाच समज. वास्तविक सेकंदाला ६० चित्रे घेतली तर प्रत्येक चित्राला प्रकाश गोळा करण्यासाठी सेकंदाच्या साठाव्या भागाहून अधिक वेळ मिळूच शकत नाही. २५ घेतली तर पंचविसाव्या भागापर्यंत मिळू शकतो. रात्री देवळाच्या सभामंडपात दोन-तीन दिव्यांच्या उजेडात नारदीय कीर्तन चालू आहे आणि आपला विद्यार्थी 'फोर-के, साठ' लावून बसला आहे, असे समजा. आयफोनच्या सेटिंगमध्ये दिलेल्या अंदाजानुसार या मापाच्या एका मिनिटाला सुमारे ४०० एमबी जागा लागते. १०८०पी आणि ३० चित्रे ठेवली तर ६० एमबी. दोन तासांच्या कीर्तनाला पहिल्या हिशेबाने ४८ जीबी लागतील, दुसऱ्याने ७.२ जीबी. मोबाइल तापतो, जागा संपते आणि चित्रीकरण मध्येच थांबते. हाती उरतो फोर-केमधला दाणेदार पूर्वरंग. उत्तररंग मुळीच नाही. ज्या कीर्तनात निरूपणाचा प्रत्यय आख्यानातून यायचा, त्याचे आख्यानच गेले. याला जतन म्हणायचे काय?

आकड्याचे मूळ न पाहण्याचा आणखी एक परिणाम दिव्यांखाली दिसतो. अमेरिकेतील वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५० आवर्तनांची. त्यामुळे तेथे विजेच्या दिव्याचा प्रकाश सेकंदाला १२० वेळा कमीअधिक होतो, येथे १०० वेळा. १२० ला ३० ने निःशेष भाग जातो, १०० ला जात नाही. १०० ला जातो तो २५ ने. आपल्या दूरदर्शनची पद्धत २५ चित्रांचीच. मोबाइलमध्ये मात्र ३० हा आकडा बहुधा आधीच भरलेला असतो. मग काही ट्यूबलाइटींखाली आणि स्वस्त एलईडी दिव्यांखाली चित्रावरून काळसर पट्टे सरकू लागतात. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवले तर ३० वरही ते टळतात, आणि पुष्कळ मोबाइल ही तडजोड आपोआप करू पाहतात. परंतु हे माहीत असलेला विद्यार्थी आधी दहा सेकंदांची चाचणी घेईल, माहीत नसलेला घरी येऊन कपाळाला हात लावील. आयफोनमध्ये २५ चा पर्याय 'पाल' या नावाखाली सेटिंगमध्ये दडलेला आहे. तो मुद्दाम उघडावा लागतो. परक्या विजेचा आकडा आपण आपल्या शाहिरांवर निमूटपणे लादून घेतो आणि वर्गात मात्र देशीवादावर व्याख्याने देतो!

गतीच्या चुकीची किंमत कोण मोजतो, तेही पाहा. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवला जाई आणि त्याची गती बहुतेकदा २४ पेक्षा कमी असे. बोलपटाबरोबर, ध्वनी एकसारखा यावा म्हणून, २४ हा आकडा स्थिरावला. पुढे जुन्या फिती नव्या गतीने दाखवल्या गेल्या आणि पडद्यावरची माणसे तुरुतुरु पळू लागली. आपण हसलो. ती माणसे तशी चालत नव्हती. केवळ एका चुकलेल्या आकड्याने एक अख्खी पिढी विनोदी ठरली. आज याच्या उलट घडते आहे. सेकंदाला २४० चित्रे घेऊन ती ३० च्या गतीने दाखवली की हालचाल आठपट संथ होते. लावणीचे असे संथ तुकडे मोठ्या हौसेने केले जातात. ढोलकीशी पायाने केलेला जो सवालजवाब हाच त्या कलेचा प्राण, तो अशा तुकड्यात उरतच नाही. उरते ती वस्त्रांची आणि अंगाची सावकाश पाहणी. लय काढून घेतल्यावर लावणीचे काय करायचे ते पाहणाऱ्याच्या नजरेवर सोपवले जाते, आणि ती नजर कोणती हे सांगण्याची आवश्यकता नाही.

'आशय महत्त्वाचा, बाकी गौण' असा आक्षेप येईल. साहित्याच्या प्राध्यापकाच्या तोंडी तो शोभत नाही. ओवीचे चरण कोणी सलग गद्यासारखे छापले तर आपण 'आशय तर आला' असे म्हणतो काय? दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे : आता कृत्रिम बुद्धिमत्ता धूसर चित्र स्पष्ट करते, गाळलेली चित्रे मध्ये भरते, मग आधी एवढी काळजी कशाला? याला आपल्याच परंपरेत उत्तर आहे. यंत्राने भरलेले ठिपके आणि चित्रे तेथे कधीच नव्हती. ती अनुमानाने घातलेली असतात. पोथीत अशा भरतीला आपण प्रक्षेप म्हणतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच भरतीला कंटाळून. त्यांच्या वारशाचा अभिमान सांगणाऱ्यांनी नव्या प्रक्षेपांसाठी दार उघडे ठेवावे, हे विपरीत आहे.

मग करायचे काय? फार थोडे. समूहाचा प्रयोग असेल तर मोबाइल आडवा, तिकाटण्यावर स्थिर, आणि सर्व साथीदार चौकटीत. रात्रीच्या प्रयोगाला १०८०पी आणि २५; ते नसेल तर ३०, आधी दिव्यांखाली चाचणी घेऊन. जागा किती लागेल याचा गुणाकार निघण्यापूर्वी कागदावर करावा. उभा, संथ किंवा छोटा तुकडा हवा असेल तर तो प्रतीवरून बनवावा. मूळ फाइलला हात लावू नये. आणि प्रत्येक फाइलसोबत एक नोंद असावी : कोण, कोठे, केव्हा, आणि कोणत्या तीन आकड्यांवर. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. ओवी सांगणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव जपण्याची शिस्त त्या कामात होती. हाती मोबाइल आल्यावर ही शिस्त वाढायला हवी होती. ती सुटत चालली आहे.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांवर बसणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांकडे म्हणून एकच मागणी आहे. लोकसाहित्याच्या प्रकल्पाच्या मूल्यमापनात या नोंदीला गुण ठेवा, आणि नोंद नसलेली फाइल परत करा. छंदशास्त्रात मात्रा मोजायला शिकवणाऱ्यांना पंचविसापर्यंत मोजणे जड जाऊ नये. झीलकऱ्यांच्या नावाची ओळ लिहिण्यापूर्वी ते चौकटीत आहेत ना, हे पाहणे तर त्याहूनही सोपे आहे.