कोळसा टाकणाऱ्याचे नाव



गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे नवरा-बायको महिनाभर लंडनला जाऊन आलो. भोसरीच्या एमआयडीसीत तीस वर्षे लेथवर उभे राहण्यात गेली. विमानात बसू असे कधी मनातही आले नव्हते. पण मुलगी शिकली, नोकरीसाठी तिकडे गेली आणि तिने तिकिटे पाठवली. पहिल्याच रविवारी १०, किंग हेन्रीज रोड या घराचे दर्शन घेतले. १९२१-२२ साली बाबासाहेब शिक्षणासाठी तिथे राहात होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले. त्या घराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज दुसऱ्याच एका ठिकाणाविषयी सांगायचे आहे.

जावई म्हणाले, "मामा, तुम्हांला यंत्रांची आवड. चला, यॉर्कला रेल्वेचे संग्रहालय दाखवतो." लंडनहून आगगाडीने दोन तासांचा प्रवास. नातूही बरोबर होता. हे राष्ट्रीय संग्रहालय १९७५ साली सुरू झाले. आत जायला पैसे पडत नाहीत. मोठ्या दालनात पूर्वी इंजिनांची शेड होती. इंजिन वळवायचे टर्नटेबल अजून मधोमध आहे आणि त्याच्या भोवती जुनी इंजिने उभी आहेत, पुसून लख्ख केलेली.

एक इंजिन तर एका बाजूने कापून उघडे ठेवले आहे. 'एलरमन लाइन्स' हे त्याचे नाव. ते पाहताना आमचा पाय तिथून हलेना. भट्टी कुठे, भट्टीतली धग बॉयलरच्या नळ्यांतून कशी जाते, नळ्यांभोवतीच्या पाण्याची वाफ कशी होते, ती वाफ सिलिंडरात पिस्टनला कशी रेटते आणि कनेक्टिंग रॉड चाक कसे फिरवतो, सगळे डोळ्यांसमोर. ज्याने कारखान्यात एखादा रॉड घासून मापात आणला आहे, त्याला ते समजावायला इंग्रजी लागत नाही. आम्ही नातवाला मराठीतच सगळे इंजिन शिकवले.

मग आम्ही निळ्या रंगाच्या एका इंजिनापुढे आलो. नाव 'मॅलार्ड'. ३ जुलै १९३८ रोजी या इंजिनाने ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजपर्यंत मोडलेला नाही. जावयांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मनाला लागली. त्या दिवशी इंजिन चालवणाऱ्या ड्रायव्हरचे नाव जो डडिंग्टन आणि भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनचे नाव टॉमी ब्रे. साहेबाने इंजिनाचा आराखडा केला, त्याचे नाव राहिले हे समजू शकते. पण फावड्याने कोळसा टाकणाऱ्याचे नावही ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनंतर लोक सांगतात!

तेवढ्यात नातवाने विचारले, "आजोबा, तुमचे बाबापण रेल्वेत होते ना? मग त्यांचं काय ठेवलंय?"

आम्हांला उत्तर देता आले नाही.

आमचे आबा दौंड-मनमाड लाईनवर गँगमन होते. आबांचे वडीलही त्याच लाईनवर गँगमन. खडी भरायची, स्लीपर बदलायचे, रूळ सरळ करायचे. उन्हाळ्यात रूळ तापून चटके बसत, पावसाळ्यात रात्री लाईन तपासत मैलोन्‌मैल चालावे लागे. आबांचा एक पितळी बिल्ला होता, त्यावर त्यांचा नंबर. निवृत्तीनंतरही ते तो कधी कधी चिंचेने घासून चकचकीत करीत. ते गेल्यावर काही वर्षांनी आम्ही भोसरीत चाळ सोडून फ्लॅटमध्ये राहायला गेलो. सामान आवरताना एक डबा निघाला, त्यात मोडके नळ, जुनी कुलुपे आणि तो बिल्ला. आम्ही सगळा डबा भंगारवाल्याच्या तराजूत ओतला. पितळेचा भाव चांगला मिळाला म्हणून त्या दिवशी आनंदही झाला होता.

यॉर्कच्या प्रत्येक इंजिनावर पितळी पाटी पाहिली की तो बिल्ला आठवे. पाटीवर कारखान्याचे नाव, गाव, साल, नंबर. इंजिनाची पाटी जपून ठेवली गेली. आमच्या बापाची पाटी आम्हीच किलोवर विकली. दोष दुसऱ्या कुणाचा नाही.

१९३८ हे साल आपल्यासाठीही महत्त्वाचे आहे. मॅलार्डने विक्रम केला त्याच्या पाच महिने आधी, १२ आणि १३ फेब्रुवारीला, मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी याच परिषदेत सांगितले. रेल्वेत आपल्या माणसाची काय गत आहे तेही त्यांनी मांडले. तो जन्मभर गँगमन म्हणून राबतो. त्याला पोर्टरही करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातली कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. रेल्वेच्या कारखान्यातही वरच्या जागा त्याला मिळत नाहीत.

म्हणजे ज्या वर्षी तिकडे एका फायरमनचे नाव इतिहासात गेले, त्या वर्षी इकडे आपला माणूस इंजिनाच्या जवळही जाऊ शकत नव्हता. इंजिन ज्या रुळांवरून धावे, ते रूळ मात्र तोच सांभाळत होता. आपल्या शेजारचा बोरघाट पाहा. १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६३ साली घाट खुला झाला. १८६१ च्या सुमारास तिथे ४० हजारांवर मजूर राबत होते. कित्येक पटकीने आणि अपघाताने गेले. आपण लोणावळ्याहून मुंबईला जातो तेव्हा बोगदे मोजतो. ते खोदणाऱ्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येते का?

यासाठी विलायतेला जायची गरज नाही. आपल्यापैकी पुष्कळजण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जातात. दीक्षाभूमीचे दर्शन झाल्यावर परतीच्या गाडीला वेळ असेल तर मुलांना मोतीबागेत न्या. कडबी चौकाजवळ नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. ते १४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाले. दोन रुळांत अवघे अडीच फूट अंतर असलेल्या लाईनवरची वाफेची इंजिने तिथे पाहायला मिळतात. भारतात ब्रॉडगेजवरचे वाफेचे इंजिन १९९५ च्या डिसेंबरात बंद झाले, तेव्हा आजच्या मुलांना असे इंजिन पाहायला बहुधा संग्रहालयात जावे लागते. इंजिन दाखवा, पण पायाखालचे रूळही दाखवा. हे कुणी टाकले, कुणी राखले, तेही सांगा. आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसने गेलात तर वाटेत मनमाड लागेल. मुले जागी असतील तर तिथे १९३८ ची गोष्ट जरूर सांगा.

घरी आल्यावर आम्ही एक दोनशेपानी वही आणली. पहिल्या पानावर आबांचे पूर्ण नाव, गाव, हुद्दा लिहिला. बिल्ल्याचा नंबर आठवेना. गावी थोरल्या आत्याला फोन केला. तिचे वय नव्वदीला आले आहे. तिने क्षणात नंबर सांगितला. लहानपणी तीच तो बिल्ला घासून द्यायची.

तुमच्या घरात कुणी गँगमन, खलाशी, गिरणी कामगार, सफाई कामगार असतील तर येत्या रविवारी त्यांच्याजवळ बसा. काम काय होते, पगार किती होता, साहेब कसा बोले, सगळे लिहून घ्या. बिल्ला, हजेरीकार्ड, जुना फोटो सापडला तर भंगारात जाऊ देऊ नका. आमच्या वहीची अजून पुष्कळ पाने कोरी आहेत. नातवाने फोनवर विचारले आहे, "आजोबा, किती लिहून झालं?"

जयभीम!